पोटात गेला तर गुण

४ मार्च

आजही थुंकले!

दिरांनी दवाखान्यात थर्मास भरून ग्रीन टी आणला होता — हृदयाला चांगला म्हणे. सुनेने कॅमोमाइलचा आणला, शांत झोप लागते. शेजारीण जास्वंदीचा देऊन गेली, रक्तदाब उतरतो म्हणाली. ज्याला त्याला आपला चहा म्हणजे अमृत. पण पोटात गेला तर गुण ना!

पक्षाघाताचा झटका आल्यापासून यांची वाचा गेली आहे. सूप, पाणी ओठाला लागू देत नाहीत. चहाला तेवढं तोंड उघडतात. चमचा सुर्रकन ओढतात, क्षणभर धरतात आणि वाटीत टाकतात. गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, घसा काम करत नसावा. आठ तारखेपर्यंत वाट बघू, नाहीतर नाकातून नळी.

मला फार भीती वाटते आहे.

५ मार्च

थेंबभरही नाही.

६ मार्च

काय पाहिलं मी आज!

यांचे जुने सहकारी, तीक्ष्ण नाकामुळे आम्ही ज्यांना ‘नाकवाले’ म्हणतो ते भाऊजी आले होते. दोघांनी एकाच कंपनीत चहा चाखण्यात हयात घालवली. मी त्यांना दिरांच्या थर्मासमधला चहा दिला. बोलता बोलता त्यांनी सुर्रकन घोट ओढला, क्षणभर धरला, आणि वळून बेसिनमध्ये टाकला. मग एकदम ओशाळले.

‘‘माफ करा वहिनी, सवय. दिवसाला शेकडो कप तोंडात घ्यायचो आम्ही. गिळून कसं चालेल?’’

मी यांच्याकडे बघतच राहिले. तोच आवाज. तेच थांबणं. हे थुंकत नव्हते — चाखत होते! मुलाची ओळख पटत नाही या माणसाला, पण जीभ मात्र रोज कामावर हजर. शेजारणीच्या जास्वंदीला कपाळावर आठीसुद्धा पडली होती, आता आठवतं. नापास!

बाईंना धावत जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, असेलही, पण घसा चालतो हे दिसायला हवं. मग विचारलं, ‘‘घरी कोणता चहा प्यायचे?’’

मला लाजच वाटली. घरी माझा चहा. दूध, साखर, आलं घालून इतका उकळलेला, की भाऊजी त्याला काढा म्हणून चिडवतात. त्यात कसले आलेत गुण! आणि हे एवढे मोठे पारखी, पण इतक्या वर्षांत त्याला एकदाही बरा म्हणाले नाहीत. घटाघट प्यायचे, कप ठेवायचे, निघायचे. तो सल आहेच माझ्या मनात.

८ मार्च

घरून चहा करून नेला. यांचा टवका उडालेला निळा कपही नेला. ठसका लागू नये म्हणून बाईंनी पावडर घालून चहा घट्ट केला, यांच्या गळ्याला बोट लावलं आणि चमचा दिला.

सुर्र नाही. थांबणं नाही. आठी नाही.

गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

‘‘गिळला,’’ बाई म्हणाल्या. दुसराही गिळला. तिसऱ्याला यांनी चांगला हात कपाकडे नेला. मी रडत होते आणि सून माझ्या पाठीवर हात फिरवत होती. देवा, काय माणसाचं शरीर बनवलं आहेस!

९ मार्च

नळी टळली.

जन्मभर जगभरचा चहा चाखला आणि टाकला. प्यायले तो फक्त माझा. आणि मी कौतुकाची वाट बघत बसले!