पुढच्या चाकांचे खटके

खाली उतरायचं होतं बाबा, एवढंच. इंजिन चालू ठेवायचं, दार उघडायचं, पुढच्या डाव्या चाकापाशी जायचं, चाकाच्या मधला गोल खटका हातानं फिरवायचा, मग उजव्या चाकापाशी जाऊन तेच करायचं आणि परत सीटवर येऊन बसायचं. मिनिटभराचं काम. पण नाही. तुम्ही सीटवर ताठ बसणार, गिअरशेजारचा छोटा दांडा खस्सकन मागं ओढणार आणि गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणणार, "आता चारही चाकं मारतील, बघा." जीप घरी आणल्यावर अकरा वर्षं तुम्ही ती चालवली आणि अकरा वर्षांत पुढच्या दोन चाकांनी एकदाही जोर लावला नाही. नुसती गोल फिरत राहिली, मागच्या दोघांच्या जिवावर. आता तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, आता ओरडून काय उपयोग. पण भोगायलंय कोण? तुमची लेक भोगायलीय.

मंगळवारी तिचा फोन आला. मी इकडं शहरात बेगम बाजारात होतो, गॅरेजात हात पुसायच्या चिंध्यांचं गाठोडं घ्यायला. व्हिडिओ लावला तर जीप ओढ्यात. पाणी घोट्याएवढंच, पण खाली गाळ, आणि मागची चाकं जागेवरच फिरून खड्डा करायलेली. काठावर वस्तीवरच्या नऊ पोरी दप्तरं डोक्यावर घेऊन उभ्या. तुम्हाला ठाऊक नाही, बस बंद झाल्यापासून धाकटीच त्यांना हायस्कूलला नेते-आणते. त्यांचं महिन्याचं भाडं हीच तिची कमाई. "दादा, दांडा ओढलाय, तरी पुढची चाकं जागची हलंनात." मी म्हणलं, "उतर आधी. चाकातला खटका फिरव." तर म्हणते, "कसला खटका? बाबा तर कधी उतरले नाहीत." तिथं गर्दीत, गाठोडं खांद्यावर घेऊन, मला तुमच्यावर इतका राग आला की मागचा हमाल "सरको मियाँ, सरको" म्हणून ओरडायला लागला तरी मला सरकता येईना.

शेवटी कुणाच्या तरी ट्रॅक्टरनं जीप ओढून काढली. पोरींची त्या दिवशी चाचणी होती, ती बुडाली. एकीचा बाप घरी येऊन धाकटीला म्हणाला, "तुझ्या बापाची गाडी सांगायलाच चार चाकांची. सोमवारपर्यंत नीट झाली तर बघू, नाहीतर आमच्या पोरी दुसऱ्या गाडीत." आणि माय तर त्याचीच वाट बघायली. तिचं म्हणणं, गाडी भंगारात घाल आणि मुकाट्यानं लग्नाला उभी राहा. म्हणजे सोमवारच्या आत पुढची चाकं चालली पाहिजेत, नाहीतर धाकटीचं सगळंच बसलं. आणि ती दोन चाकं का चालत नाहीत, तर तुम्ही कधी खाली उतरला नाहीत म्हणून.

तुम्ही का उतरत नव्हता हेही मला माहीत आहे, तेच तर आणखी डोक्यात जातं. त्याआधी सरकारी खात्यात वीस वर्षं तुम्ही हीच जीप चालवली, शेजारी साहेब आणि मागं हाताखालचा खलाशी. मी एकदा तुमच्यासोबत आलेलो आठवतं. चिखल येतो, तुम्ही ब्रेक लावता, खलाशी पटकन उडी मारतो, एका चाकापाशी वाकतो, दुसऱ्या चाकापाशी वाकतो, "चला" म्हणून हात करतो आणि चढतो. तुम्ही दांडा ओढता, जीप डुलत निघते, साहेब म्हणतात, "वा!" मला वाटलं तो खलाशी टायरातली हवा बघतो. तुम्हालाही तसंच वाटत असेल का हो? वीस वर्षं एक माणूस तुमच्या डोळ्यांपुढं उतरून काहीतरी करतो आणि तुम्ही एकदाही विचारत नाही की बाबा रे, तू करतोस तरी काय? अर्धी गाडी तुमच्या हातात होती, अर्धी त्याच्या. मग जीप लिलावात निघाली, तुम्ही फंडातले पैसे घालून ती घरी आणली, आणि खलाशी काही लिलावात आला नाही.

वर तुमचा तो रंग. दरवर्षी जयंतीच्या आधी तुम्ही जीप रंगवून घ्यायचे, बाबासाहेबांचा फोटो पुढं लावून ती मिरवणुकीत चालवायची म्हणून. खालची निळी पट्टी, वरचा पांढरा रंग, सगळं ठीक. पण रंगारी चाकाच्या मधोमध पण ब्रश मारायचा आणि तुम्ही उभे राहून बघायचे. त्या खटक्यावर इंग्रजीत दोन शब्द आहेत, एका बाजूला मोकळं, एका बाजूला लॉक. ते रंगाच्या थरांखाली असे बुजले की धाकटीनं मोबाईल जवळ नेला तर मला नुसतं पांढरं टेंगूळ दिसलं.

मला हे सगळं इकडं शहरात, अंबरपेठेत कळलं. तुम्ही ज्या गॅरेजचं नाव घरात काढू दिलं नाही, त्याच गॅरेजात. नववी नापास झालो तेव्हा मी म्हणलं, मला गाड्यांचं काम शिकायचंय. तेव्हा तुम्ही ताट सरकवून दिलं होतं. "तुझा आजा जन्मभर लोकांच्या पायाशी बसून काम करत होता. मी तिथून उठून सीटवर बसलो. आणि तू परत गाडीखाली झोपणार?" मी आपली शहराची बस धरली. गॅरेजच्या उस्तादनं पहिल्याच महिन्यात एक जुनी जीप माझ्यापुढं लावली आणि चिखलात घालायला सांगितली. मी तुमच्यासारखाच ऐटीत दांडा ओढला. जीप जागेवर. उस्ताद शेडमध्ये चहा पीत बसलेला, हसून हसून त्याचा चहा सांडला. "क्या रे हौले, उतरे बगैर कायका फोर बाय फोर? नीचे उतर, हब घुमा!" आणि मी उतरलो, दोन्ही खटके फिरवले, आणि जीप अशी निघाली की मला ब्रेक मारावा लागला. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की आपल्या घरची गाडी चारही चाकांवर कधी चाललीच नव्हती.

गंमत ऐका. तुमच्या न उतरण्यानं एक भलं पण झालं. इकडं शहरात हिमायतनगरची पैसेवाली पोरं हौसेनं जुन्या जीपा विकत घेतात, खटके लॉक करतात आणि डांबरी रस्त्यावर दांडा ओढूनच फिरतात, चारही चाकांचे पैसे मोजलेत ना म्हणून. कडक रस्त्यावर पुढच्या-मागच्या चाकांना एकमेकांत सैल व्हायला जागा मिळत नाही, वळणावर सगळं आतून पिळतं, आणि मग गिअरपेटी आमच्याकडं उघडायला येते. तुम्ही पण बाजाराच्या दिवशी दांडा ओढून डांबरावरून मिरवायचे. खटके लॉक असते तर दोन वर्षांत पेटी गेली असती. धाकटीला मी परवा पुढच्या चाकांमधल्या दातेरी चक्रांच्या गोळ्यातलं तेल बघायला लावलं, तर तेल स्वच्छ, दाते शाबूत. एवढी जुनी गाडी आणि पुढचा भाग अजून धड. हसावं का रडावं सांगा.

बुधवारी ती खाली बसली. तुमची लेक, बाबा, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून, अंगणात चाकापुढं मांडी घालून. मी इकडून फोनवर सांगतोय आणि उस्ताद माझ्या खांद्यावरून डोकावतोय. "रंग खरवड. रॉकेल सोड. आता तासभर हात लावू नको." तासानं पक्कड लावली. डावा खटका कुरकुरला आणि फिरला. ती अशी ओरडली की शेजारच्या कोंबड्या पळाल्या. "बढिया बेटी, अब दुसरा," उस्ताद म्हणाला. उजवा काही केल्या हलेना, म्हणून तिनं हातोडी घेतली. तेवढ्यात मायनं तिच्या हातातून फोन ओढून घेतला.

"काय करायलास रे? बाबाच्या गाडीला हातोडा मारायला लावायलास पोरीला?"

"माय, खटका अडकलाय."

"त्यांच्या वेळेला नाही अडकला ते?"

"त्यांनी कधी फिरवलाच नाही."

"ते सायबाचे ड्रायव्हर होते! कलेक्टर बसलेला त्या गाडीत. त्यांना ठाऊक नव्हतं आणि तुला ठाऊक? नववी नापास!"

तिच्या मागं भिंतीवर तुमचा फोटो, खाकी कपड्यातला, एक हात बॉनेटवर ठेवलेला. मी म्हणलं, "माय, फोन दे तिला." दिला नाही. मग धाकटीनंच मागून हातोडीचा एक घाव घातला आणि उजवा खटका आतून फुटला. तुकडे तिनं तळहातावर घेऊन दाखवले. एक बाजू लॉक आणि एक मोकळी, तरी पुढची चाकं ओढत नाहीत, दोन्ही लागतात. म्हणजे नवी जोडी घालायची.

आज शुक्रवार. उस्ताद नमाजला गेलाय, शटर अर्धं खाली आहे, आणि मी नव्या पार्टच्या खोक्यातल्या कोऱ्या कागदावर हे लिहितोय. माझं मराठी आता असंच आहे, दोन वाक्यं लिहिली की तिसऱ्यात उर्दू घुसते, मग खोडतो. हे कुणाला पाठवायचंही नाही. धाकटीला नाही, मायला तर नाहीच. पण मंगळवारपासून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडायलोय आणि त्यातली एक गोष्ट मी तुम्हाला मुद्दाम सांगायची टाळतोय.

गॅरेजात एक वर्ष काढून मी घरी आलो होतो ना, पहिल्यांदा. तुम्ही पाहुण्यांसमोर माझ्याशी बोलला नाहीत. फक्त "हात धुऊन ये" म्हणालात. मी धुऊन आलो, तुम्ही हात बघितले आणि परत म्हणालात, "धुऊन ये." ते तेल नखात बसलेलं असतं बाबा, निघत नाही ते. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांना घेऊन विहाराकडं निघालात आणि मळ्याजवळच्या चिखलात जीप रुतली. तुम्ही दांडा ओढला. "आता बघा." इंजिन नुसतं ओरडत राहिलं. परत ओढला. पाहुणे बाहेर बघायला लागले. तुमची मान लाल झालेली मला मागून दिसत होती. मला माहीत होतं. वर्षभरात मी तसले पन्नास खटके फिरवले होते. मी उतरलो, पुढच्या चाकाजवळून चालत गेलो, खटका माझ्या गुडघ्याला लागेल इतका जवळ होता, आणि मी त्याला हात न लावता मागं जाऊन इतरांबरोबर गाडी ढकलली. ढकलताना मला बरं वाटत होतं. पुढं दोन वर्षांत तुम्ही गेलात आणि सांगायचं राहिलं असं मी सगळ्यांना म्हणतो. राहिलं नव्हतं. मी सांगितलं नाही.

त्या दिवशी वाकलो असतो तर मंगळवारी त्या पोरी ओढ्याच्या काठावर उभ्या राहिल्या नसत्या. काल मायला फोन करून म्हणलं, माय, तुझं बरोबर होतं, बाबांना खटके ठाऊक होते, त्यांनी ते इतके वापरले की वापरून वापरून झिजले. ती म्हणाली, "मग नवे घाल की." उद्या सकाळी तिकडचा एक मिस्त्री जोडी घेऊन वस्तीवर जाईल, आणि धाकटी त्याच्या शेजारी बसून बघणार आहे. जोडी, मिस्त्री आणि ग्रीस मिळून नऊ हजार पाठवतोय.