नखभर बुटका पेला

प्रिय मत्तन,

पत्र माझ्याच हातचं आहे, हसू नकोस. बाबांच्या साच्यांवरची अक्षरं गिरवून जेवढं आलं तेवढंच माझं शिक्षण, आणि साच्यात सगळं उलटं असतं. बाजारात पत्रं लिहून देणारा बसतो, पण हे त्याच्या कानावर घालायचं नव्हतं.

तू समुद्रापलीकडून, अक्विलेयाहून पाठवलेला काचेचा पेला पोचला. व्यापारी म्हणाला, निरोप काही नाही, फक्त पेला द्यायला सांगितलाय. तुझे दाजी हरखले. म्हणाले, बघ, पोराने तिकडेही भट्टी पेटवली, वेल आपलीच, पानं आपलीच. मी म्हटलं, जेवा मुकाट्याने. ते भट्टीवर गेल्यावर मी तो आपल्याकडच्या पेल्याशेजारी ठेवला. तुझा अंगठ्याच्या नखाएवढा बुटका निघाला. पानांच्या शिराही पुसट, झिजलेल्या नाण्यावरच्या नाकासारख्या.

माती वाळताना, भाजताना आकसते, हे आपल्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळतं. बाबांनी घडवलेल्या मूळ नमुन्यावर तू साचा दाबला असतास तर पेला आमच्याएवढाच उतरला असता. तू जाताना विकायच्या मालातला एक पेला उचललास आणि त्याच्यावरूनच साचा काढलास. बुटका पेला दुसरं काय सांगणार? नमुना तुझ्याकडे कधीच नव्हता.

बाबा गेले, दुखवटा सरला आणि फळीवर नमुना नव्हता. मी तुला चारचौघांत एश्मून देवाच्या झऱ्यावर ओढत नेलं. म्हटलं, पाण्यात हात घाल आणि शपथ घे. तू हात कोरडेच ठेवलेस. म्हणालास, "ताई, तुला शपथ लागते, तर माझ्या शपथेचं तू करणार काय?" मला वाटलं, चोराला पाण्याची भीती. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं मी तुला चोर म्हटलं. पाचव्या दिवशी तू गलबतावर चढलास. वाटेसाठी खारवलेल्या मासळीची बरणी भरून ठेवली होती, ती मी बंदरावर नेली नाही.

इकडे बरं आहे. तुझे दाजी फुंकणीवर लवकर दमतात, गाल सैल पडलेत, पण कुरकुर तरुणासारखी करतात. लेक बतनोअम आता साचे भाजते. हात बाबांचा आहे, तोंड माझं. कुणी तिला मागणी घालायला धजत नाही.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. दुखवट्याला गल्लीतले सगळे काचवाले आले होते. ओल्या मातीचा गोळा नमुन्यावर दाबून, पदराआड नेऊन दुसऱ्याचं काम चोरणारी माणसं ती. म्हणून मी स्वतःच नमुना मसुरीच्या रांजणात तळाशी पुरला. रडण्यात, रांधण्यात साफ विसरले. तू गेल्यावर विसाव्या दिवशी मसूर काढताना हाताला लागला. विसाव्या दिवशी, मत्तन. दाजी म्हणाले, कळव त्याला. मी म्हटलं, पुढच्या गलबताने. हिवाळ्यात गलबतांना बंद असलेला समुद्र दर वसंतात खुला होतो, मी दर वसंतात तेच म्हटलं. सात वसंत झाले. गल्लीत तोंड कसं दाखवायचं, एवढंच होतं.

त्या नमुन्यावरून काढलेल्या कोऱ्या साच्यांतले आमचे पेले तिकडच्या बाजारात आलेच असतील. शीर न् शीर दिसते त्यांच्यावर. बोट लावून मोजलंस ना? नमुना आमच्याकडेच आहे, हे तुला केव्हाच कळलं असणार. तरी तुझ्या पेल्यावर "अब्देश्मूनने केला" हेच आहे. बाबांचं नाव खरवडून तुझं घालायला एक सकाळ पुरली असती. आमच्या पेल्यांवर पाच वर्षं तुझ्या दाजींचं नाव आहे. ओल्या साच्यात मीच कोरलं. मूळ नमुन्यावरचं नाव तेवढं खरवडलं नाही, हात धजावला नाही.

नमुना या पत्राबरोबर पाठवतेय, मसुरीच्या पोत्यात पुरून. काल झऱ्यावर जाऊन गल्लीतल्या बायकांसमोर सगळं सांगितलं. त्या घागरी उचलून गेल्या. माफ कर असं म्हणायची मला सवय नाही, हे तू जाणतोस. मसूर शिजवून खा. नमुन्यावर नवा साचा दाब, पेला फुंक आणि पाठव. निरोप नसला तरी चालेल. मी आपल्या पेल्याशेजारी ठेवून उंची बघेन.

तुझीच, कोरड्या हातांना चोर म्हणणारी,
अरिशतताई