गोजरच्या गळ्यातली गाठ

४ जानेवारी १९३६

आज गोजरच्या हातांचे आणि मांड्यांचे एक्स-रे काढले. लग्नाला नऊ वर्षं झाली, आमचा दोघांचा एकही फोटो नाही. बायकोचा पहिला फोटो काढला तो परक्या माणसानं — तोही हाडांचा!

हे डॉक्टर शिवयोगी दिवाळीत आमच्या गावच्या नव्या पेठेत आलेत. मुंबईचं शिक्षण, विजेचं यंत्र, चकचकीत बूट. गोजर दोन वर्षं लंगडतेय. काढे झाले, तेलं झाली. मग मीच आणलं तिला इथं. मीच!

६ जानेवारी

डॉक्टर विचारत होते, ती सांगत होती. रात्रभर तहान लागते. जिना चढताना मांड्या थरथरतात. श्रावणात पाठीत कळ आली तेव्हा तोंडात पदर कोंबून पडली होती. मी शेजारीच झोपतो — मला यातलं काही ठाऊक नाही!

वाटेत विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुमी शाळंतनं दमून येता की."

डॉक्टर काय दमत नाहीत?

७ जानेवारी

वर्गात पोरांवर उगाच ओरडलो.

११ जानेवारी

फोटो खिडकीशी धरून दाखवले. बोटांची हाडं कडेनं कुरतडल्यासारखी. मांडीच्या हाडात पोकळ्या. "मास्तर, दुखणं हाडांत आहे, पण मूळ तिथं नाही." गळ्यातल्या मोठ्या ग्रंथीमागं तुरीच्या दाण्याएवढ्या ग्रंथी असतात म्हणे. त्यातल्या एकीत गाठ धरली असणार. ती हाडांतला चुना ओढून रक्तात सोडते. पुण्याला रक्त पाठवलं होतं, तिथूनही तेच आलं — चुना फार.

"अशी केस पुस्तकात वाचली होती. प्रत्यक्षात पहिलीच!" डोळे चमकत होते त्यांचे. माझ्या बायकोकडे बघून!

मग तिचा गळा चाचपला. किती वेळ! "बाई, आवंढा गिळा. पुन्हा." हाताला काही लागलं नाही. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो.

१४ जानेवारी

संक्रांत. गोजरनं तिळगुळाची एक पुडी बाजूला ठेवली — "डाक्टरास्नी." मी माझा खाल्लाच नाही.

१८ जानेवारी

आज तिला अंधाऱ्या खोलीत नेलं. पांढरं दाट औषध पाजायचं आणि ते घशातून उतरताना पडद्यावर बघायचं. दार लावून घेतलं. मी बाहेर बाकावर. आतून आवाज — "अजून एक घोट, भिऊ नका." आणि गोजर हसली! मी उठून दार ठोठावलं.

"मास्तर, उजेड येऊ देऊ नका!"

बाहेर आल्यावर म्हणाले, "अन्ननलिका डावीकडे सरकलीय. म्हणजे गाठ उजवीकडे, खाली. आता कुठं कापायचं ते नेमकं सांगता येईल."

टांग्यात मी बोललोच, "फार हसू येत होतं?"

ती रडायला लागली. "दोन वर्सं समदी म्हणत्यात, सोंग करतीया. डाक्टर म्हणलं, बाई, तुमचं दुकणं खरं हाय. म्हणून हसले."

मी तिला माझा रुमाल दिला. राग मात्र गेला नाही.

२ फेब्रुवारी, पुणे

उद्या ऑपरेशन. डॉक्टर शिवयोगी आपणहून आलेत. इथले सर्जन त्यांना आत उभं राहू देणार आहेत. मला नाही.

३ फेब्रुवारी

गाठ निघाली. चिंचोक्याएवढी. जागा त्यांनी सांगितली तीच. मी त्यांना नमस्कार केला. मनापासून? — ठाऊक नाही.

७ फेब्रुवारी

गोजरचा आवाज गेला. गाठीला चिकटलेली आवाजाची शीर दुखावलीय. परत येईल की नाही, कुणी सांगत नाही.

सकाळी डॉक्टर खाटेशी वाकले. "बाई, कसं वाटतंय?" तिचे ओठ हलले. त्यांना काही ऐकू आलं नाही. आणखी वाकले. नाहीच. मग माझ्याकडे बघितलं — "मास्तर, काय म्हणतायत त्या?"

मी कान तिच्या ओठांना लावला.

"त्यास्नी सांगा, हाडं दुकायची कमी झाल्यात. आन् तुमी जेवलासा का?"

पहिलं मी त्यांना सांगितलं. दुसरं नाही सांगितलं.