मामांच्या नुस्त्याची गाडी

पेडणे, सप्टेंबर १९८८

तीर्थस्वरूप अनंतमामांना सुदेशचा साष्टांग नमस्कार.

चवथीआधी लिहायचं ते आज लिहितोय. दर वेळी पोस्टाच्या वाटेवर कुणीतरी भेटायचं आणि मी भलतीकडेच जायचो. तुमचा गुडघा कसा आहे? मी बरा आहे, आणि नवल म्हणजे अजून नोकरीवर आहे (ती टिकावी म्हणून आईने देवाला गाऱ्हाणं घातलंय).

नव्या कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर बसतो. नावं पुष्कळांनी घातली, पण बाकं रिकामी. दसऱ्यापर्यंत भरली नाहीत तर वर्ग बंद. प्रिन्सिपल म्हणाले, मार्कांची अट कमी करूया. मी म्हटलं, सर, आधी कोण येत नाही ते बघूया. (मॅट्रिकला दोनदा आपटलेल्याने हे सांगावं म्हणून त्यांनी चष्मा काढून मला बघितलं.) मग जमिनीवर खडूने तालुका काढला आणि न येणाऱ्या प्रत्येकासाठी त्याच्या गावावर एक काजूबी ठेवली. चहाला गेलो, वाटेत भजनाची तालीम लागली, परत येतो तर शिपाई धाकूने अख्खं धारगळ भाजून खाल्लेलं. म्हणतो, "माका दिसलें, भाजूंकच हाडल्यात." पुन्हा मांडलं, या वेळी खडे घेऊन.

मार्कांचा काही संबंध नाही, मामा. हुशारही येत नाहीत, ढही नाहीत. खडे साचले ते चांदेल, हसापूर, इब्रामपूरवर, म्हणजे तुमच्या बसगाडीच्या वाटेवर. स्वतः बसून पाहिलं. तुमची गाडी तुमच्या जेवणाचं नुस्तें, म्हणजे मासळी, मिळाली की सुटते. ड्रायव्हर गणपत बाजारातून पिशवी घेऊन आला की बारालाच हलते. शेवटचा तास संपतो एकला, पुढची गाडी दिवेलागणीला. मुलीला कोण धाडेल? गणपतला म्हटलं, तासभर थांब. तो म्हणाला, "बांगडो रावतलो, पात्रांव रावचो ना." मालक थांबणार नाही, म्हणजे तुम्ही.

बाकं कुणाच्या गाडीमुळे रिकामी, ते कॉलेजात अजून सांगितलेलं नाही. पण या वेळी मी वाटेत कुठे वळणार नाही.

आपला भाचा,
सुदेश

ता. क. मागणं एवढंच, गाडी एकला सोडा. जेवण तासभर उशिरा होईल.

आणखी ता. क. इब्रामपूरवरचा एक खडा तुमच्याच मुलीचा, आपल्या सुविधाचा आहे. तिला शिकायची हौस नाही असं तुम्ही चवथीला सांगत होता. खिडकीवर नाव घालायला ती एकटीच आली होती, तेव्हा हसत होती.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवत होतो, इतक्यात फाटकावर तुमची गाडी. सुमंगलामामी उतरली, मागून सुविधा. सुविधा वर्गात गेली. मामीने गणपतकडून चावी घेतली, बांगड्यांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसली. एक वाजेपर्यंत चावी देणार नाही. मला लिहायला सांगते, "मामाक बरय, भूक लागली जाल्यार लोणच्याकडेन पेज जेव." पत्र याच गाडीने धाडतोय.