अलमासचे फिरोजे

२ डिसेंबर
नंदुरबार आवडलं. गावाबाहेर मैदानंच्या मैदानं मिरच्या वाळत घातलेल्या, सगळं लाल. रिक्षातच शिंका सुरू झाल्या. रिक्षावाला हसून म्हणाला, आठवड्यात सवय होईल. सलीमचाचा फाटकात वाट बघत होते. मिरचीचा व्यापार सोडून ते आता फक्त आपला संग्रह सांभाळतात. प्राचीन चिनी कांस्याचे दागिने, लिलावांतून हौसेनं जमवलेले. त्यांच्या दुरुस्तीसाठी मला पुण्याहून बोलावलंय. मेहरुन्निसाचाचींनी पोटभर जेवू घातलं. त्यांच्या स्वयंपाकीण रंजनाबाईंच्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी.

४ डिसेंबर
सगळ्यात देखणा आहे तो कमरपट्ट्याचा आकडा. तळहाताएवढा, टोकाला वळलेलं पक्ष्याचं डोकं. हिरवट कांस्यात सोन्याचांदीच्या तारा अशा ठोकून बसवल्यात की बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. फिरोजाचे खडे मात्र गळालेत. कुणाच्या तरी कबरीतून निघाला असणार, चाचा म्हणाले. मग खिशातून एक पुडी काढली. त्यात अलमासच्या माळेतले फिरोजे होते. अलमास त्यांची एकुलती एक मुलगी. गेल्या वर्षी काविळीनं गेली. हे खडे यात बसवशील का, असं त्यांनी विचारलं.

जुन्या वस्तूत नवे खडे बसवणं आम्हा दुरुस्ती करणाऱ्यांना शोभत नाही. पण नंतर काढता येतील असे हलके चिकटवता येतात. त्यांचा चेहरा बघून मी हो म्हटलं.

७ डिसेंबर
थोडे खडे बसले. दुपारी अलमासच्या बंद खोलीतून खोकला ऐकू आला. वाटलं, रंजनाबाई झाडत असतील. पण त्या माझ्यामागेच उभ्या होत्या, हातात परात. चाची धावत आल्या. मिरचीच्या दिवसांत अलमास अशीच खोकायची, म्हणाल्या. दार उघडलं. कुणी नव्हतं. पलंगाच्या कडेला चादर मात्र दबलेली, कुणी बसल्यासारखी.

९ डिसेंबर
चाचा सकाळपासून त्या खोलीत बोलत बसलेत. ती उत्तर देते. मी ऐकलंय. बारीक, दमलेला आवाज. चाचींनी तिच्यासाठी वेलचीचा चहा केला. दोघं हसत होती. मला भीती वाटते, तरी उरलेले खडे बसवले. त्यांच्याकडे बघून थांबवेना.

१० डिसेंबर
ती रडते. रंजनाबाई काम सोडून गेल्या. जाताना म्हणाल्या, “पोर रडी ऱ्हायनी, चाची. तिले उठता येत नही. तिले जाऊ द्या.”

चाचींनी पलंगावर हात फिरवला. दिसत काहीच नाही, पण हाताला लागतं. तिची कमर — आवळलेली. गार पट्टा, पुढे वळलेलं पक्ष्याचं डोकं. “अम्मी, खोलो ना.” एवढंच म्हणते. सारखं.

११ डिसेंबर
चाची म्हणाल्या, खडे काढ. चाचांनी आकडा छातीशी धरला. एक दिवस राहू दे म्हणाले, फक्त एक दिवस. चाचींनी त्यांची बोटं सोडवली. जनाजा उठला तेव्हा मी तिला सोडत नव्हते, म्हणाल्या, तेव्हा तुम्हीच मला समजावलंत.

चाचा खाली बसले.

१२ डिसेंबर
एकेक खडा काढतेय. खड्यागणिक रडणं कमी होतं — तिचा आवाजही.

एकच उरलाय. चाची आत गेल्यात. शेवटचं जवळ घेऊन येते, मग काढ, म्हणाल्या. चाचा शेजारी बसलेत. चाची येईपर्यंत लिहितेय.

चाची अजून —

आतून म्हणाल्या, उठता येत नाही. त्यांच्याही कमरेला —

चाचांनी माझं मनगट धरलंय. दोघी जातील, म्हणतात.

अलमास आता रडत नाही. आईशी हळू काही बोलतेय —

चाची म्हणाल्या, “काढ, बेटी. मी आहे तिच्याजवळ.”

चाचांनी मनगट सोडलं.

मी खडा काढतेय.