पाचवी ओळ

एनिस्कॉर्थी,
रविवार, ६ नोव्हेंबर १९२७

प्रिय ऊनाताई,

गुरुवारी दुपारी माझं बोट तक्त्यात एक ओळ वर सरकलं, आणि तिथून सगळं फिरलं.

बाकी मी खुशाल आहे. खोकला गेला. तू विणलेले मोजे रोज घालतो, एकाला भोक पडलंय, रागावू नकोस. मी कॉलेज सोडल्यापासून तू लिहितेस की फिंटन काहीच तडीला नेत नाही. तर हे पत्र तरी शेवटापर्यंत लिहितो.

आमची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, शेतकऱ्यांना जवाचं नवं बियाणं देते. त्यांनी ते आपल्या जुन्या बियाण्याशेजारी पट्ट्यापट्ट्यांनी पेरायचं. कापणीनंतर आम्ही दोन्हींचं वजन करतो आणि फरक खरा की नुसतं नशीब, ते 'टी' नावाच्या आकड्याच्या तक्त्यावरून ठरवतो; फरक जितका मोठा आणि एकसारखा, तितका टी मोठा. इथले मायलस सिनॉट जुन्याला चिकटून होते. नव्याचा हट्ट त्यांच्या मुलीचा, स्टेशियाचा. मार्चमध्ये बी घेऊन मी आलो, तेव्हा म्हातारा माझ्यासमोर तिला म्हणाला, "तुझं सरस निघालं तर पुढल्या वर्षी सगळं शेत तुझ्या म्हणण्यानं. नाहीतर बॉस्टनला, मावशीकडे. आणि नशिबानं जिंकलेलं मी धरणार नाही. विसात एकदा चालेल, त्याहून जास्त नाही."

उन्हाळाभर मी कामासाठीच इकडे येत होतो. जव बघावा लागतो.

सहा जोड्या पट्ट्या. टी आला अडीच. तक्त्यात विसात एकाचा, म्हणजे पाच टक्क्यांचा रकाना, सहावी ओळ: उंबरठा २.४४७. ओलांडला! बुधवारी मी स्टेशियाला लिहून टाकलं, 'जिंकलीस.' गुरुवारी हिशेब फायलीला लावण्यापूर्वी तक्त्याचं पान पुन्हा उघडलं आणि चूक दिसली. फरक सहा असले, तरी त्यांची सरासरी एकदा ठरली की पाचच मोकळे राहतात, सहावा बांधलेला. ओळ मोकळ्यांच्या संख्येवरून धरायची, म्हणजे बघायची ती पाचवी. तिथे उंबरठा २.५७१. आमचा अडीच उंबऱ्याच्या अलीकडेच अडखळून पडला.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं असतं? वरच्यांनी तपासलं नव्हतं. दोन दिवस मी मित्रांवर खेकसत होतो, शाईची दौत फोडली. पण ताई, चुकीच्या ओळीच्या जोरावर तिला इथे ठेवून घेतलं असतं, तर त्या शेताकडे मला कधी मान वर करून बघता आलं नसतं. काल सकाळची गाडी पकडून इकडे आलो.

स्वयंपाकघरात म्हातारा सोडा ब्रेडला लोणी लावत होता. मी उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं, तक्ता सरस आणि वाईट अशा दोन्हीकडचं नशीब मोजतो इथपर्यंत.

"म्हणजे बॉस्टन!" म्हातारा म्हणाला. पण त्याची सुरी लोण्यातच थांबली होती.

स्टेशियाने किटली दाणकन ठेवली. "बाबा, मार्चमध्ये तुम्ही काय विचारलं होतंत?"

"तुझं सरस आहे का, ते."

"एवढंच ना? माझं वाईट निघालं असतं तरी बॉस्टन, सारखं निघालं असतं तरी बॉस्टन. मग हा शहाणा दोन्हीकडे कशाला बघत बसलाय?"

मी खिशातून तक्ता काढून पान उघडलं. तो तक्ता विसातल्या एकाचं नशीब दोन शेपटांत वाटतो, अर्धं सरस असण्याच्या बाजूला, अर्धं वाईट असण्याच्या. एकाच शेपटाचा प्रश्न असेल, तर त्याच ओळीत शेजारचा, दहा टक्क्यांचा रकाना बघायचा; दहाचं अर्धं पाच, म्हणजे पुन्हा विसात एकच. पाचवी ओळ, दहाचा रकाना: २.०१५! आमचा अडीच उडी मारून पार. नशिबाने एवढं घडायची शक्यता शंभरात तीनही नाही.

"सोयीचा रकाना शोधलास, काय रे?" म्हातारा गुरगुरला.

माझं डोकं फिरलं. "प्रश्न तुमचा, तोही पेरणीआधीचा! कापणीनंतर मी तो बदलला असता तर चोर म्हणा. सोयच बघायची असती, तर बुधवारच्या पत्रावरच गप्प बसलो नसतो?"

"बस, बस. किटलीआधी तूच उकळतोस." त्याने ब्रेडचा तुकडा माझ्यापुढे सरकवला. "हरलो मी. पण एक सांग पोरा. जिंकल्याचं टपालाने कळवलंस. हरल्याचं सांगायला एवढा चिखल तुडवत का आलास?"

ताई, मी ब्रेडचा तो तुकडा तोंडात कोंबला. स्टेशिया खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हसण्याने हलत होते.

"उद्या चर्चमधल्या मासनंतर ये," म्हातारा म्हणाला. "तेव्हा तरी जवाचं नाव काढू नकोस."

तो उद्या आज उजाडलाय. चर्चची घंटा वाजून गेली, रात्री मी उतरलो त्या खाणावळीच्या मालकिणीने माझा कोट घासून दिलाय. हे पत्र तुला जवासाठी लिहिलेलं नाही, हे तुला पहिल्या ओळीपासून कळलं असेल. मी तिला विचारायला चाललोय. या प्रश्नाला तक्ता नाही. 'हो' म्हणाली, तर नाताळात दोघं तुझ्याकडे येऊ. तिला आवडतो तो मनुकांचा केक करशील?

कॉलेजचं दार मी आपटून बाहेर पडलो होतो. हे पाकीट टेबलावर ठेवतोय, मालकीण टाकेल टपालात. टोपी घातली. दार ओढून घेतोय, ताई, अगदी हळू.

तुझा,
या खेपेला तडीला नेणारा,
फिंटन