दादाचं संध्याकाळचं वजन

चंदीगड, १४ सप्टेंबर

प्रिय नीलाताई,

आपण रोज भेटतो, तरी लिहितोय. रात्री मी, दिवसा तू; इस्पितळाच्या दारात सोबतीचा पास बदलताना दोन मिनिटं मिळतात, त्यात हे बोलून होणार नाही. संध्याकाळी दारात रिकाम्या डब्याची पिशवी देईन, त्यात पत्र ठेवतोय. सेक्टर बावीसच्या खोलीवर पोचलीस की वाच.

मोहालीत गवत कापताना कुणालदादाला घोणस चावली, त्याला आज एकोणीस दिवस झाले. विषाने किडन्या बंद पडल्या, हृदयही अशक्त झालं. डायलिसिस चालू आहे. दिवसाला पाऊण लिटर पाणी, त्यावर थेंब नाही. मी घोट मोजून देतो. तरी माझ्या वहीत त्याचं वजन रोज संध्याकाळी हिशेबापेक्षा जास्तच. म्हणजे दिवसा कोणीतरी काहीतरी देत होतं.

आधी शेजारच्या खाटेवरच्या सरदारजींचा संशय आला. मोसंबीचा रस पुढे करून ते सगळ्यांना "पी ले यार, कुछ नहीं होता" म्हणतात. मग आयाबाईंचा. मग, रागावू नकोस, तुझा. गावाहून कुणाचा काढा आणला असशील म्हणून तू आंघोळीला गेलीस तेव्हा तुझी बॅग उघडली. काही नव्हतं. विचारलं तर उसळलीस, "पाणी मोजूनच देते, काढाबिढा काही नाही. बहिणीवर पाळत ठेवतोस?" तू खरंच बोलत होतीस.

आज सकाळी तू यायच्या आधी दादाच्या हृदयाचे ठोके एकाएकी बिघडले. सगळे धावले, मला बाहेर काढलं. इंजेक्शनं दिल्यावर सावरला. डॉक्टर स्वराली मॅडम आपल्याकडच्याच. त्यांनी मराठीत विचारलं, "याला शहाळं देता का?" मी ठाम नाही म्हणालो. शहाळ्यातलं पोटॅशियम अशा माणसाच्या रक्तात साचतं आणि हृदय बंद पाडू शकतं, असं त्या म्हणाल्या. दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं. खाली शहाळेवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "दीदी रोज दो ले जाती हैं."

आजाऱ्याला शहाळं न्यायचं, हे आपल्याला आईनेच शिकवलं. तुझ्या जागी मीही नेलं असतं.

तुला आज दारातूनच परत पाठवलं. तपासण्या आहेत म्हणालो, ते खोटं होतं. दादाने मला शपथ घातली आहे, "नीलाला सांगू नकोस, जन्मभर स्वतःला खात बसेल. शहाळी मिळत नाहीत म्हण." मी हो म्हणालो. पण त्याचे सुकलेले ओठ बघून तू सगळं शहर पालथं घालून शहाळं आणशील, म्हणून शब्द मोडतोय. पत्र फाडून टाक. त्याच्यापुढे रडू नकोस. उद्या आठला ये, नेहमीसारखी. उशीर केलास तर त्याला कळेल.

तुझाच धाकटा,
यतीन